निळ्या खुर्चीतली ती : हिरमुसलेली, फुरंगटलेली की आणखी काही?

प्रश्न :
अमेरिकी चित्रकार मेरी कॅसॅटच्या १८७८ च्या ‘निळ्या खुर्चीतली छोटी मुलगी’ या चित्रावर टिपण लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. मुलगी खुर्चीत मागे रेललेली, एक हात डोक्यामागे, पाय फाकलेले. कमरेचा पट्टा चौकड्यांचा, मोजेही तसेच. नजर खाली कुठेतरी. शेजारच्या खुर्चीत कुत्रं झोपलंय. ‘हिरमुसलेली’ लिहिलं नि खोडलं. काय म्हणावं?

प्रतिसाद :
फुरंगटलेली. गाल बघा की!

प्रतिसाद :
नाही पटत. रुसायला, फुरंगटायला समोर कुणीतरी लागतं. समजूत काढायला कोण येतंय याकडे एक डोळा असतो. हिला कुणाची पडलेली नाही. आणि हिरमुसायला आधी कसली तरी आस लागते. जत्रेला नेतो म्हणून नेलं नाही, की पोर हिरमुसतं. ‘कंटाळलेली’ चालेल, पण सपक.

प्रतिसाद :
‘अंग टाकलेली’ कसं वाटतं? दिवसभर राबून आलेला माणूस खाटेवर अंग टाकतो, तसं. एवढ्याशा पोरीला हा शब्द लावताना हसू येतं, आणि चित्र बघतानाही तेच होतं. शिवाय कुत्र्यालाही तो चालतो. कुत्रं काही फुरंगटत नाही. (आमचं फुरंगटतं, ते सोडा.) ताई, तुम्ही सगळे चेहऱ्यावरचे शब्द शोधताय, या चित्रातला भाव बसण्यात आहे. त्या खुर्च्यांवरचे निळ्या रंगाचे मोकळे फटकारे पाहा, त्यासुद्धा ऐसपैस पसरल्यात.

मूळ प्रश्नकर्ती :
‘अंग टाकलेली’ घेतला! ‘नीट बस’ असं कुणी न म्हटलेली मुलगी आहे ही. पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकी विभागाने हे चित्र नाकारलं. कॅसॅटचा राग पंचवीस वर्षांनीही गेला नव्हता. १९०३ साली चित्रविक्रेते व्होलार यांना तिने लिहिलं, की पार्श्वभूमीवर खुद्द फ्रेंच चित्रकार देगाने हात फिरवला होता, आणि नाकारणारे परीक्षक तिघे, त्यातला एक औषधविक्या!

प्रतिसाद :
तेवढं ‘पाय फाकलेले’ काढा, कानाला खटकतं. ‘तंगड्या पसरून’ लिहा, घरात आई ओरडते तसं.