एअर फ्रायरच्या सॉकेटला आग लागली, विझली. आता पावडर आणि जळका बोर्ड, मदत हवी आहे

ओवी_डोंबिवली

काल संध्याकाळी फ्रायर चालू असताना भिंतीवरच्या सॉकेटमधून आधी जळका वास आला, मग चरचर आवाज आणि एकदम वीतभर ज्वाळ. सासूबाई ओट्याशीच होत्या, त्यांनी आधी गॅसचा कॉक बंद केला. मी मेन स्विच पाडला तोवर शेजारचे दादा जिन्यातलं आग विझवायचं लाल सिलिंडर घेऊन आले आणि क्षणात आग गेली. कुणाला काही झालं नाही.

खरा ताप आता सुरू झालाय. त्या सिलिंडरमधली पिवळट पावडर कुठे नाही ते विचारा! मसाल्याच्या डब्यांच्या फटीत, चिमणीच्या जाळीत, देव्हाऱ्यातल्या निरांजनावर. मावशींनी सकाळी ओला फडका मारला तर ओट्यावर चिकट थर बसला आणि पितळी तांब्यावर हिरवट डाग पडले. ही पावडर विषारी आहे का? कोणतं सामान टाकायचं, कोणतं ठेवायचं? सासूबाईंना दमा आहे, म्हणून जास्त काळजी.

दुसरं म्हणजे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडलाच नाही. मग तो लावलाय कशाला? घर भाड्याचं आहे, मालक म्हणतात तुमच्या मशीनमुळे झालं, तुम्हीच खर्च करा.

फेज_न्यूट्रल

ताई, आधी त्या लाइनचा एमसीबी पाडून ठेवा आणि वर चिकटपट्टी मारा, म्हणजे घरातलं कुणी सवयीने वर करणार नाही.

एमसीबीला करंट किती जातोय एवढंच कळतं. फ्रायर १५०० वॅटचा असेल तर २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला का पडेल? लोच्या सॉकेटच्या आत असतो. पितळी पाकळ्या सैल झाल्या किंवा मागचा स्क्रू ढिला पडला की नेमक्या त्या टिचभर जागेत रोध वाढतो. एक ओहम धरा, तरी ४० वॅटच्या वर उष्णता तिथे साठते. आमची डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आणि ती कथील वितळवते! आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) असता तरी करंट गळल्याशिवाय तो पडत नाही.

वायरमनला नुसती पुढची प्लेट बदलू देऊ नका. वायरीचं आवरण जिथवर कडक, तपकिरी झालंय तिथवर कापायचं. वायर कमी पडली तर पाइपातून नवी ओढायची, आत जोड मारायचा नाही. फ्रायरची पिन काळी पडली असेल तर तो प्लग नव्या सॉकेटला लावू नका, चार दिवसांत तेही जाळेल. बोर्डावर ६ अँपिअरचं सॉकेट असेल तर फ्रायर, केटल, इंडक्शन त्याच्यावर नकोच.

निफाडकर

ती पावडर बहुतेक मोनो अमोनियम फॉस्फेट असते. आमच्याकडे द्राक्षबागेला ठिबकमधून १२:६१:० खत सोडतात ना, तेच मूळ द्रव्य. सिलिंडरमध्ये ते बारीक दळून, पाणी धरू नये म्हणून सिलिकॉन लावून भरतात, त्यामुळे झाडांना घालायचा मोह नको. फार विषारी नाही, पण नाका-घशाला झोंबते. साफसफाई होईपर्यंत सासूबाईंना दुसऱ्या खोलीत नाहीतर नातेवाइकांकडे ठेवा, आणि धाप लागली तर डॉक्टरांकडे न्यायला थांबू नका. नुसत्या पावडरीपेक्षा जळक्या वायरीचा धूर वाईट, दम्याच्या माणसाला तर फारच.

पाणी लागलं की ती आंबट होते आणि धातू खाते. तांब्या हिरवा पडला तो त्यामुळेच. आधी पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि मऊ ब्रशने सगळी कोरडीच गोळा करा. घरातला व्हॅक्यूम वापरू नका, पावडर फिल्टरमधून निघून मोटरमध्ये जाते. कोरडं काढून झाल्यावर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडं. चिमणीची जाळी, फ्रिजच्या मागची कॉइल, मिक्सरच्या बुडाची छिद्रं विसरू नका. मिक्सर झटकल्याशिवाय चालू करायचा नाही.

उघडं अन्न, कापलेली भाजी, फळं, कणकेचं उघडं पिंप, सगळं टाका. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे बाहेरून पुसून मगच उघडा. फ्रिजचं दार बंद होतं ना? मग आतलं ठीक.

ओवी_डोंबिवली

हो, दार बंदच होतं. खूप आभार. कणिक गेली, तांदूळ वाचला :) मालकांचं काय करू?

कट्ट्यावरची_काकू

जळकं सॉकेट आणि प्लग फेकू नकोस गं. दोन्हीचे जवळून फोटो काढ, वायरमनकडून चार ओळी लिहून घे की बिघाड सॉकेटमध्ये होता की मशीनमध्ये. भिंतीतलं वायरिंग घराचा भाग आहे, मालकांना तेवढं दाखव, आवाज चढवायची गरज नाही. फ्रायर वॉरंटीत असेल आणि कंपनी टाळाटाळ करू लागली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

मालकांनी घराचा विमा काढलाय का तेही विचार. भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळते. त्यात आगीचं नुकसान येतं, मात्र शॉर्ट सर्किटने जे उपकरण स्वतः जळलं त्याचे पैसे मिळत नाहीत, आग पसरून बाकीचं जे जळलं त्याचे मिळतात.

ओवी_डोंबिवली

अपडेट: वायरमन येऊन गेला. सॉकेटमागचा न्यूट्रलचा स्क्रू हाताने फिरत होता, वायर बोटभर काळी. मालकांना फोटो पाठवले, बोर्डाचा खर्च ते देणार म्हणाले. फ्रायरची केबल सर्व्हिस सेंटरला बदलायला दिली.

एकच राहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात सिलिंडर थोडाच वापरलाय, दाबाचा काटा अजून हिरव्यात आहे, तसाच जिन्यात टांगू. चालेल का?

फेज_न्यूट्रल

नाही चालणार. एकदा दांडा दाबला की झडपेत पावडर अडकते आणि दाब हळूहळू गळत जातो. आज हिरव्यात दिसणारा काटा थोड्याच दिवसांत लालमध्ये येईल. लगेच रिफिलला द्या, आणि तो परत येईपर्यंत खालच्या मजल्यावरचा वर आणून ठेवा.