सिकलसेल: रिसेसिव्ह की कोडॉमिनंट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यात बारावीला बायोलॉजी शिकवतो. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत, त्यामुळे भाषेची खिचडी चालवून घ्या.

परवा डॉमिनन्स घेतलं, म्हणजे जोडीतल्या दोन जनुकांपैकी कोणतं दिसतं (प्रभावी) आणि कोणतं लपतं (रिसेसिव्ह, अप्रभावी). मेंडेलचा वाटाणा झाला, गुलबक्षी झाली (इन्कम्प्लीट: लाल आणि पांढरीची गुलाबी, पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१), एबी रक्तगट झाला (कोडॉमिनंट: दोन्ही गुण पूर्ण दिसतात). सिकलसेलला (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) सवयीनं 'ऑटोसोमल रिसेसिव्ह' (लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा अप्रभावी) म्हणून पुढे निघालो. पण आमच्याकडे हा धडा नुसता पुस्तकातला नसतो. एक मुलगी म्हणाली, "सर, माझा रिपोर्ट एएस आहे, एक जनुक नेहमीचं ए, एक सिकलसेलचं एस. त्रास काहीच नाही, म्हणजे ए प्रभावी. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एस दिसला कसा? अप्रभावी तर लपतो ना?"

उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली. घरी तीन गाइडं उघडली: एकात रिसेसिव्ह, दुसऱ्यात कोडॉमिनंट, तिसऱ्यात इन्कम्प्लीट. आता तिला सांगू काय?

प्रतिसाद १

सर, तिन्ही गाइडं बरोबर आहेत. तुम्ही काय तपासताय, ते आधी विचारा.

आजार पाहिलात तर एएस माणूस सहसा धडधाकट असतो, म्हणून रिसेसिव्ह. हिमोग्लोबिन तपासलंत तर त्याच्या रक्तात ए आणि एस दोन्ही तयार होतात, एस साधारण ३५ ते ४० टक्के, म्हणून कोडॉमिनंट. पेशींचा आकार पाहिलात, तर ऑक्सिजन फार कमी झाला की एएसच्याही काही पेशी विळ्यासारख्या वाकतात, एसएसइतक्या (दोन्ही जनुकं एस, म्हणजे आजारी) सहज नाही. म्हणून इन्कम्प्लीट. तिला सांगा, लपलाय तो आजार. एस कधी लपलाच नव्हता.

गंमत म्हणजे मेंडेलच्या वाटाण्याचंही तेच. गोल आणि सुरकुतलेल्याचा संकरित दाणा दिसतो गोल, पण आतले स्टार्चचे कण मधल्या आकाराचे. मेंडेल दाणे बाहेरून मोजत होता.

नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेला मात्र 'रिसेसिव्ह'वरच खूण करायला सांगा, एनसीईआरटीच्या पुस्तकात तेच आहे.

धागाकर्ता

फार आभार! स्टार्चचं डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक अडतंय: आईबाप दोघं एएस असले की 'चारांत एक एसएस' हे पोरं शब्दशः घेतात. पहिली तीन चांगली निघाली तर चौथं नक्की आजारी, असं घरीही धरून चालतात. प्रत्येक खेपेला २५ टक्केच, हे नाणी उडवून दाखवू का? कुणी वर्गात करून पाहिलंय?