शब्दचर्चा : जिवती 'लिहिणे' हा प्रयोग शुद्ध आहे काय?

प्रश्न (सातारा)

दिव्यांच्या अमावास्येला आमच्या घरी देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा छापील कागद लावतात आणि श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याला आघाडा-दूर्वांची माळ घालून पूजा करतात. सासूबाईंच्या माहेरी, कराडजवळच्या खेड्यात, असा कागद मिळत नसे तेव्हा भिंतीवर गंधाने जिवतीचे चित्र काढीत, आणि त्या 'जिवती लिहिली' असे म्हणत. आमच्या महिला मंडळाच्या श्रावणविशेष हस्तलिखितात मी हा प्रयोग तसाच ठेवला होता; संपादन करणाऱ्या बाईंनी तो खोडून 'रेखाटली' असे केले. चित्राच्या संदर्भात 'लिहिणे' खरोखर अशुद्ध ठरते काय? त्याचबरोबर जिवती, जिवंतिका आणि जरा ही एकाच देवीची नावे आहेत की वेगवेगळ्या देवींची, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (सांगली)

ताई, आपल्या सासूबाईंचा प्रयोग अशुद्ध तर नाहीच, उलट तो 'रेखाटणे'पेक्षा या देवीला अधिक जवळचा आहे. महाभारताच्या सभापर्वात जरासंधाच्या जन्माची कथा आहे. मगधाचा राजा बृहद्रथ याला चंडकौशिक ऋषींनी एक आंबा दिला, तो दोन्ही राण्यांनी अर्धा-अर्धा खाल्ला, आणि दोघींच्या पोटी अर्धे-अर्धे मूल जन्मले. ती शकले चव्हाट्यावर टाकण्यात आली असता जरा नावाच्या राक्षसीने, म्हणजे आपण विचारलेल्या जरेनेच, ती जुळवली आणि मूल जिवंत झाले. राजाला स्वतःची ओळख करून देताना ती आपण गृहदेवी असल्याचे सांगते, आणि प्रचलित पाठात तिच्या तोंडी पुढील श्लोक येतो :

यो मां भक्त्या लिखेत्कुड्ये सपुत्रां यौवनान्विताम् ।
गृहे तस्य भवेद्वृद्धिरन्यथा क्षयमाप्नुयात् ॥

जो मला तरुण रूपात, मुलाबाळांसह, भक्तीने भिंतीवर 'लिहील' त्याच्या घरी भरभराट होईल, एरवी ऱ्हास होईल, असा याचा अर्थ. येथे 'लिखेत्' याचा अर्थ अक्षरे लिहिणे असा होऊच शकत नाही, कारण मुलांनी वेढलेली तरुण स्त्री भिंतीवर उमटायची आहे. 'कुड्य' म्हणजे भिंत. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीतला 'कूड' याच कुळातला दिसतो.

मुळात 'लिख्' धातूचा अर्थ ओरखडणे, कोरणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षर आणि चित्र हे दोन्ही त्या रेघेतूनच निघतात, आणि 'रेखा' व 'लेखा' ही तर एकाच धातूची जुळी रूपे आहेत. आश्चर्याने स्तब्ध झालेल्या माणसाला आपण 'चित्रलिखितासारखा' उभा राहिला असे म्हणतो, आणि उषेला स्वप्नात दिसलेला अनिरुद्ध ओळखता यावा म्हणून राजपुत्रांची चित्रे काढून दाखवणारी सखी चित्रलेखाच असते. तेव्हा हा अर्थ शिष्ट मराठीलाही अपरिचित नाही. मराठीबाहेरही तो टिकून आहे. मिथिलेत कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची, भिंत रंगवणाऱ्या स्त्रिया आपल्या कामाला 'लिखिया' म्हणतात, आणि बंगालचे पटुआ, म्हणजे पटचित्रे काढणारे कलावंत, देवीचा पट लिहितात. ज्या चित्राची पूजा व्हायची आहे किंवा ज्याच्यासमोर कथा सांगायची आहे, त्याला हे क्रियापद विशेष चिकटून राहिले, असे माझे मत आहे.

उत्तर (मिरज)

वरील विवेचन मान्य आहे, तथापि संपादक बाईंची बाजूही थोडी पाहायला हवी. औंधच्या संग्रहालयातल्या राजा रविवर्म्याच्या चित्राविषयी आज कोणी 'लिहिले' असे म्हणणार नाही; तेथे 'काढले' किंवा 'रंगवले' हेच योग्य. म्हणजे चित्र या अर्थाने 'लिहिणे' हे आता सरसकट वापरण्याचे क्रियापद राहिलेले नाही, ते व्रताच्या चित्रापुरते उरले आहे. हस्तलिखितात 'लिहिली' ठेवावे, आणि गैरसमजाची भीती असेल तर वाक्यातच 'गंधाने भिंतीवर' हे शब्द आणावेत. अवतरणचिन्हांत घालून त्याला परके करू नये.

छापील कागदाबद्दल एक पुरवणी. त्यावर वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, आणि तळाशी हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती असतात. नागपंचमी, बुधवार-गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशी श्रावणातली निरनिराळी पूजने एका कागदावर सोयीने आली आहेत, तरी सगळ्या कागदाला नाव मात्र जिवतीचेच पडले. दुकानात कोणी 'नरसिंहाचा कागद द्या' म्हणत नाही. आमच्याकडे हल्ली 'जिवतीचा फोटो' असेही सर्रास म्हणतात, ते मला खटकते. परंतु बोलीला अडवणार कोण?

पुन्हा प्रश्नकर्ती (सातारा)

दोघांचेही आभार. नावांचा प्रश्न मात्र राहिला.

उत्तर (सांगली)

पूजेच्या श्लोकाची सुरुवात 'जरे जीवन्तिके देवि बालयुक्ते प्रमोदिनि' अशी आहे. 'जरे' आणि 'जीवन्तिके' ही दोन संबोधने, पण 'देवि' एकवचनी. त्यामुळे श्लोकाच्या व्याकरणाप्रमाणे देवी एकच ठरते. कागदावर मात्र बहुधा दोन स्त्रिया दाखवतात, आणि बायका 'जिवत्या लावल्या का?' असे अनेकवचनात विचारतात. चित्रकाराने जोडनावातून दोन मूर्ती केल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. राक्षसीचे 'जरा' म्हणजे म्हातारपण हे नाव मंगल प्रसंगी एकटे घेणे नको वाटले असेल, म्हणून 'जीवंतिका' पुढे आले असेल, हेही संभवते.

'जीवन्ती' हे 'जीव्' धातूचे वर्तमानकालवाचक स्त्रीलिंगी रूप असून त्याचा काटेकोर अर्थ 'जगणारी' असा होतो. 'मुलांना जगवणारी' हा अर्थ व्याकरणाने दिलेला नाही, तो आयांनी दिला आहे, आणि रूढीत तोच खरा धरावा लागतो. जीवंती नावाची औषधी वेलही आहे, तिला आपल्याकडे डोडी म्हणतात. या व्रताशी तिचा संबंध लावण्याचा मोह टाळावा.

लेखनाविषयी इतकेच, की 'जीवंतिका' तत्सम असल्याने तेथे दीर्घ 'जी' हवी, पण 'जिवती' हे मराठी रूप असल्याने तेथे ऱ्हस्व. हस्तलिखितात 'जीवती' असे पडले असेल तर तेवढे अवश्य दुरुस्त करावे.