मदत हवी आहे : रेसिंग ड्रायव्हरची ती आडवी पार्किंग खरी असते का?

चाकोरी : तातडीने मदत हवी. व्हिडिओत एक रेसिंग ड्रायव्हर भरधाव येतो, गाडी गर्रकन फिरवतो आणि कडेला उभ्या दोन गाड्यांच्या मधे आडवी सरकवत लावतो. पुढे-मागे हात मावेल एवढीच जागा उरते. हे खरं की संगणकावर केलेलं? फक्त हो किंवा नाही सांगा, आज संध्याकाळपर्यंत हवं आहे.

टॉर्करेंच : एवढ्यावर हो-नाही सांगता येत नाही. गाडी कोणती? जोर पुढच्या चाकांना की मागच्या? हँडब्रेकला दांडा आहे की बटण? गिरकी आणि आत सरकणं एकाच सलग शॉटमध्ये आहे का?

कर्णरेषा : खोटं आहे. साधी भूमिती बघा. गाडी ३.५५ मीटर लांब, १.६३ मीटर रुंद धरा. कर्ण येतो ३.९१ मीटर. गाडीपेक्षा १०-१५ सेंटीमीटर जास्त जागेत ती फिरत फिरत शिरणार कशी?

टॉर्करेंच : कर्णरेषा, हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकला. गाडी फिरत फिरत शिरतच नाही. गिरकी बाहेर जवळजवळ पूर्ण होते आणि शेवटचा टप्पा नुसतं आडवं घसरणं असतं. स्टंट ड्रायव्हर अलिस्टर मोफाट यांनी २०१५ मध्ये फियाट ५०० गाडीच्या लांबीपेक्षा फक्त ७.५ सेंटीमीटर जास्त जागेत लावली, तो तेव्हा गिनेस विक्रम ठरला. एवढ्या फटीत गाडी पूर्ण आत येताना अडीच-तीन अंशांपेक्षा जास्त तिरकी चालत नाही. बंपरचे कोपरे गोल असल्यामुळे थोडी सूट मिळते, बाकी सगळं ड्रायव्हरच्या हातात.

धुरळा : कृती सांगतो. मागच्या टायरांत हवा जास्त, म्हणजे पकड कमी. ईएससी (गाडी घसरू न देणारी संगणकी यंत्रणा) पूर्ण बंद, नाहीतर गाडी फिरू लागताच संगणक एकेक चाक धरून तिला सरळ करतो. वेग साधारण ताशी ४०-५० किलोमीटर. हँडब्रेकच्या दांड्याच्या टोकाचं बटण दाबूनच ठेवायचं, म्हणजे दांडा दात्यात अडकत नाही. स्टिअरिंगचा झटका, लगेच हँडब्रेक. मागची चाकं जाम झाली की त्यांची बाजूची पकड सुटते आणि शेपूट फिरते. दांडा लवकर ओढला तर गाडी जागेच्या अलीकडेच थांबते, उशिरा ओढला तर पुढच्या गाडीवर आदळते. मधेच सोडला तर मागची चाकं पुन्हा पकडतात आणि नाक ज्या दिशेला असेल तिकडे गाडी उसळते. हे सर्वांत वाईट. उंच कठड्याला आडवं चाक आपटलं तर रिम वाकते.

गिअरवाला : क्लच विसरलात. मागच्या चाकांना जोर असेल तर क्लच न दाबता हँडब्रेक ओढल्यास इंजिन बंद पडतं. म्हणून मागच्या चाकांची गाडीच घ्यावी, नियंत्रण जास्त.

धुरळा : उलट आहे. या करामतीसाठी पुढच्या चाकांची गाडीच सोपी. मागची चाकं जाम असतानाही पुढची फिरत राहतात, त्यामुळे दिशा देता येते.

नवशिका_७ : माझ्या गाडीत हँडब्रेकऐवजी बटण आहे, त्याने जमेल का?

धुरळा : नाही. चालत्या गाडीत ते बटण धरून ठेवलं तर संगणक चाकं जाम न होऊ देता वेग उतरवतो. आणि सार्वजनिक रस्त्यावर तर दांड्यानेही करू नका.

कर्णरेषा : पार्किंगचं मानलं. पण गाडी उभ्या वर्तुळात उलटी फिरवतात, ते तर खोटंच ना?

गिअरवाला : तेही खरं. २०१५, फ्रँकफर्ट, स्टंट ड्रायव्हर टेरी ग्रांट, जॅग्वार एफ-पेस गाडी, १९.०८ मीटर उंच लूप. त्रिज्या ९.५४ मीटर धरून वर चढताना इंजिनचा जोर आणि घर्षण सोडलं, तर तळाशी ताशी ७८ किलोमीटर पुरतात. कठीण भाग वेगाचा नाही, तळाशी शरीरावर येणाऱ्या भाराचा.

चाकोरी : अहो, मला शिकायचं नाही! छोटी हॅचबॅक आहे, दांड्याचा हँडब्रेक. तीन कट आहेत. शेवटचा शॉट लांबून, रांगेच्या टोकावरून घेतलाय. आता सांगा.

टॉर्करेंच : हे आधी लिहायला हवं होतं. करामत शक्य आहे, पण फट दिसते तेवढी अरुंद असेलच असं नाही. रांगेच्या टोकावरून, लांबून मोठ्या झूमने घेतलं की गाड्यांमधलं अंतर दबून दिसतं. फट मोजायची तर बाजूने किंवा वरून घेतलेला शॉट हवा.

आता एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. गिरकीच्या वेळी मागच्या चाकांच्या आऱ्या स्थिर दिसायला हव्यात. त्या फिरत असतील तर हँडब्रेक लागलेलाच नाही. गाडी थांबल्यावर बॉडी एक-दोनदा डोलते. तो डोल नसेल किंवा फार झटपट असेल, तर व्हिडिओचा वेग वाढवला असावा. धुराकडेही बघा, तो पळतोय असं वाटलं तर तेच कारण. आणि दुसरा कट नेमका कुठे आहे? गाडी फटीत शिरण्याच्या क्षणी असेल, तर हा व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका. शिरताना शॉट सलग असेल तर वेळ लिहा, बघून सांगतो.