बागायतदारांसमोर बोलायचंय, विश्वास कसा बसेल?

मिरजकर: तासगावात द्राक्ष बागायतदारांपुढे माती परीक्षणावर 20 मिनिटं बोलायचंय. मी प्रयोगशाळेतला, माझी बाग नाही. लोक मनावर घेतील का?

कृष्णाकाठ: सुरुवातीलाच सांगून टाका, "बाग तुमची, मी फक्त माती तपासतो." पदव्या सूत्रसंचालकाला वाचू द्या, पण तीनच ओळी लिहून द्या, नाहीतर तो कौतुकच करत बसतो.

हळदवाला: सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की अल्कली) 8.2 म्हणालात की नमुना किती खोलीवरचा, असं कुणीतरी विचारणारच. एकाच बागेचा अहवाल, नाव झाकून, पडद्यावर दाखवा. उत्तर येत नसेल तर नंबर लिहून घ्या आणि खरंच कळवा. थाप मारलीत की मागच्या रांगेत कुजबुज सुरू.

मिरजकर: खत कंपनीची टोपी मिळालीय, घालू?

कृष्णाकाठ: छे! माल विकायला आलात असंच वाटेल.