मदत हवी आहे : समोरच्यांच्या लॅब्रॅडॉरला कोणी फिरवतच नाही
नमस्कार मंडळी. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. घरातले दोघंही नोकरीला, त्यामुळे तो दिवसभर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. खाली नेतात ते शी-शूपुरतं, पाच मिनिटांत वर. नखं इतकी वाढलीत की फरशीवर टकटक वाजतात. पुढचा पंजा चाटून चाटून लाल केलाय. पाण्यात उड्या मारून शिकार आणणारी ही जात, तिला असं कोंडून कसं चालेल? कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पण माणसं चांगली आहेत हो, मला तक्रार करायची नाही. रोज सकाळी सहाला मी त्याला फिरवून आणायला तयार आहे. वहिनींना वाईट न वाटता हे कसं विचारू? कोणी असं केलंय का?