लिकर्ट श्रेणीच्या गुणांची बेरीज आणि नकारार्थी विधाने

प्रश्न:
नमस्कार. सेंद्रिय शेतीविषयी शेतकऱ्यांची अभिवृत्ती मोजण्यासाठी मी 12 विधानांची, पाच पर्यायांची ('पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत') लिकर्ट श्रेणी वापरली आहे. गुणांची बेरीज करून समाश्रयण (त्या बेरजेचा इतर बाबींशी असलेला संबंध समीकरणाने मांडणे) करावे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. समितीतील एका सदस्यांच्या मते मात्र 'सहमत' व 'पूर्णतः सहमत' यांतले अंतर इतर पर्यायांमधल्या अंतराएवढेच आहे, असे गृहीत धरणेच चूक आहे. शिवाय चार नकारार्थी विधानांचे गुण उलटे (5 चा 1, 4 चा 2 असे) करूनही क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचे माप, 0.58 च्या वर जात नाही. कोणते सांख्यिकीय प्रारूप वापरावे?

उत्तर 1:
सदस्यांचा आक्षेप एकेका विधानाला लागू पडतो, बेरजेला तितकासा नाही. अभिवृत्ती मोजण्याच्या थर्स्टन यांच्या आधीच्या पद्धतीत प्रत्येक विधानाचे मूल्य परीक्षकांकडून ठरवून घ्यावे लागे. लिकर्ट यांनी 1932 मध्ये दाखवले, की सरळ 1 ते 5 गुण देऊन केलेली बेरीज अधिक किचकट गुणांकनाच्या जवळपासच जाते. एकच विधान अभ्यासायचे असेल, तर क्रमवाचक लॉजिस्टिक समाश्रयण (फक्त क्रम असलेल्या उत्तरांसाठीचे) घ्यावे, कारण त्यात पर्यायांमधल्या सीमा गृहीत न धरता आधारसामग्रीवरूनच काढल्या जातात.

उत्तर 2:
प्रारूपाचा विचार नंतर करू. आधी एक सांगा, विधाने शेतकऱ्यांनी स्वतः वाचली की आपण वाचून दाखवलीत?

प्रश्नकर्ता:
बहुतेकांना वाचून दाखवली. उदाहरणार्थ, 'रासायनिक खतांशिवाय शेती परवडत नाही, असे मला वाटत नाही.'

उत्तर 2:
मग दोष बहुधा इथेच आहे. या वाक्याला कोणी 'हो' म्हणाले, तर ते 'हो, परवडत नाही' असेही असू शकते आणि 'हो, मलाही तसे वाटत नाही' असेही. गुण उलटे करून हा घोळ सुटत नाही. त्यात पाहुण्याला 'नाही' कसे म्हणावे, हा संकोच असतोच. प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध पाहा, आणि पॉलिकोरिक सहसंबंधांवर (क्रमवाचक उत्तरांसाठीच्या सहसंबंधांवर) घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधाने एकत्र गट करतात ते दिसेल. ही चार विधाने वेगळा घटक म्हणून बाहेर पडली, तर ती अभिवृत्तीची दुसरी बाजू आहे असे लगेच समजू नका, कारण बऱ्याचदा तो निव्वळ वाक्यरचनेचा परिणाम असतो. उरलेल्या आठांना समेजिमा यांचे 1969 चे श्रेणीबद्ध प्रतिसाद प्रारूप (अभिवृत्तीनुसार प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता मांडणारे) लावता येईल. कोणते विधान शेतकऱ्या-शेतकऱ्यांत खरा फरक दाखवते, हे त्यातून कळते. विधाने गाळून अल्फा वाढला म्हणजे श्रेणी एकमितीय (एकच गोष्ट मोजणारी) झाली असे मात्र लिहू नका.

प्रश्नकर्ता:
चार विधाने गाळल्याचे प्रबंधात नमूद करावे का?

उत्तर 1:
अवश्य करावे, आणि मूळ वाक्ये जशीच्या तशी परिशिष्टात द्यावीत.